कारण : इतर

निकालाच्या दुसऱ्या दिवशी शटर वर करायच्या आधीच
पायरीपाशी तीन सायकली, एक स्कूटी.
उदगीरच्या देगलूर रोडवर माझं दुकान :
झेरॉक्स, लॅमिनेशन, ऑनलाइन फॉर्म.
पाटीवर नसलेलं एक काम
वर्षातून पाच-सहा दिवस चालतं.

फॉर्म भरायला सगळे येतात,
मामा येतो, मामाचा मित्र येतो, कुणी भजी आणतं.
रद्द करायला लेकरू एकटंच येतं.

अयोध्या बिरादार. हंडरगुळीहून पहिल्या एस्टीनं.
पुण्याच्या एका विद्यापीठानं तिला मार्चमध्ये लिहिलं होतं,
प्रवेश मान्य,
बारावीला ऐंशी टक्के असतील तर.
तो शेवटचा ‘तर’
तिनं तीन महिने पाय न लावता ओलांडला होता.
निकाल : शहात्तर पूर्णांक तेहतीस.

“सर, फोन लावून बघा ना. साडेतीन टक्क्यानं काय होतंय?”
लावला. चौदा मिनिटं संतूर वाजलं.
मग एक बाई म्हणाल्या, शुक्रवारपर्यंत मागे घ्या,
अनामत परत मिळेल. नंतर नाही.
अनामत साडेपाच हजार,
आईनं भिशी आधी उचलून दिलेली.

“आणि आपण काहीच नाही केलं तर?”
ते आपोआप रद्द करतील.
“मग करू द्या की त्यांना.
मी कशाला माझ्या हातानं?”

मला एकदा परभणीहून पत्र आलं होतं.
शेतकी कॉलेज. येणार की नाही, उलट टपाली कळवा.
मी जाणार नव्हतो, आणि कळवलंही नाही.
लाज वाटली, की पंधरा पैशांचं कार्ड आणायचा कंटाळा,
आता आठवत नाही.
पण पुढं लग्न होईपर्यंत
झोपेत कुणीतरी हजेरी घ्यायचं
आणि मी ‘यस सर’ म्हणत उठून बसायचो.

हे तिला सांगितलं नाही.
एवढंच म्हणालो, पैसे बुडतील गं.

पासवर्ड सांगताना तिचा आवाज खाली गेला :
आधी पुणे, मग तिचं नाव, मग साल.
‘स्वीकारा’ हिरव्या रंगात, प्रत्येक पानावर.
‘मागे घ्या’ शोधायला चौथ्या पानाच्या तळाशी जावं लागलं,
राखाडी, मुंगीएवढ्या अक्षरात.
कारण निवडा :
अन्यत्र प्रवेश. आर्थिक. वैद्यकीय. इतर.
कमी मार्क पडले, हे यादीत नव्हतंच.

इतर.
खाली रिकामी चौकट, दीडशे अक्षरांची.
ती टाइप करत बसली,
मी उगाच मशीनमध्ये कागद भरत राहिलो, भरलेलाच होता.

ओटीपी गेला वडिलांच्या मोबाइलवर.
वडील पाण्याच्या टँकरवर.
मागं इंजिन घरघरत होतं, कुणी बाई घागरीवरून भांडत होती,
आणि ते एकेक आकडा
पोत्यातून जोंधळा मापावा तसा सावकाश सांगत होते.
चार. नऊ. शून्य. आणखी एक शून्य. दोन. सात.
“कशाचा हाय गं?”
“फॉर्मचा, अण्णा.”
“भर भर. नीट बघून भर.”

पावती निघाली, त्यावर तिचं कारणही छापलेलं :
‘मी येत नाही. हॉस्टेलच्या फॉर्मात
वरचा पलंग मागितला होता,
तोही रद्द समजावा.’

मी घडी घालून दिली.
भरायचे पन्नास घेतो, मागे घ्यायचे घेत नाही.
तरी तिनं काउंटरवर वीस ठेवले,
मी परत सरकवले, तिनं पुन्हा सरकवले.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. अण्णा.
रद्द झाल्याचा मेसेज त्यांच्याच नंबरवर गेला असणार,
हे आम्हा दोघांना एकदमच सुचलं.
तिनं उचलला. काही बोलली नाही.
पलीकडं इंजिन बंद होतं आता.
इतकं शांत, की मलाही ऐकू आलं :

“जेवलीस का?”

“न्हाई.”

“बसस्टँडवर काहीतरी खा. मी चारपर्यंत येतो.”

स्कूटीवाला मुलगा केव्हाचा मागं उभा होता.
त्याला आपला पासवर्डच आठवत नव्हता.